आफ्रिकेला आपण देतो काय आणि घेतो काय : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आफ्रिकी संघाला जी-२० गटाचे कायम सदस्यत्व मिळाल्याच्या निर्णयाबद्दल लिहिताना भारत सरकार आफ्रिकी देशांना करीत असलेल्या मदतीचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. काही पत्रांत कुतूहल आहे, काहींत राग आहे, आणि तूर पिकवणाऱ्या भागांतून आलेल्या पत्रांत राग जास्त आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळांना धड छप्पर नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नाहीत, आणि सरकार आफ्रिकेला हजारो कोटी रुपये वाटते, असे वाचनात येते. हे आपल्याला परवडते कसे, आणि हे सगळे कशासाठी? — एक निवृत्त शिक्षक, नाशिक

आपण वाचलेले ‘हजारो कोटी’ आणि सरकारच्या तिजोरीतून प्रत्यक्ष जाणारे पैसे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परराष्ट्र मंत्रालयाच्या अंदाजपत्रकात ‘आफ्रिकी देशांना मदत’ असे स्वतंत्र शीर्ष असते. २०२५-२६ या वर्षासाठी त्याखाली २२५ कोटी रुपयांची तरतूद होती, आणि त्याआधीच्या वर्षी २०० कोटींची. २०२५-२६ मध्येच एकट्या भूतानसाठी २,१५० कोटी, नेपाळसाठी ७०० कोटी आणि मालदीवसाठी ६०० कोटी रुपये ठेवलेले होते. केंद्राचा त्या वर्षीचा एकूण खर्च ५० लाख कोटींच्या वर होता, म्हणजे आफ्रिकेच्या वाट्याला केंद्राच्या शंभर रुपयांमागे अर्धा पैसाही आला नाही. ही रक्कम शाळांकडे वळवली तर देशभरातल्या किती छपरांची सोय होईल, याचा हिशेब आपण शिक्षक असल्याने माझ्यापेक्षा चांगला कराल.

अर्थात हे २२५ कोटी म्हणजे सर्व काही नव्हे. मॉरिशस हा आफ्रिकी संघाचा सदस्य असला तरी त्याचे शीर्ष वेगळे आहे आणि त्याच्या एकट्यासाठी त्याच वर्षी ५०० कोटी होते. सेशेल्सचेही वेगळे आहे. परदेशी अधिकारी व तंत्रज्ञांना भारतात आणून प्रशिक्षण देण्याचा ‘आयटेक’ हा कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे, त्याचा खर्च आणि शिष्यवृत्त्यांचा खर्च आणखी निराळ्या शीर्षांखाली दाखवला जातो. हे सर्व मिळवले तरी ‘हजारो कोटींचे वाटप’ हे वर्णन लागू पडत नाही. ते लागू पडते ते कर्जांना, आणि कर्ज म्हणजे वाटप नव्हे. त्याविषयी पुढच्या प्रश्नात लिहितो.

कशासाठी, हा आपला दुसरा प्रश्न. हेतू अनेक आहेत आणि सगळेच उदात्त नाहीत. तेल, कोळसा, सोने, काजू आणि डाळी या आफ्रिकेतून येतात; औषधे, मोटारी, दुचाकी आणि शुद्ध केलेले इंधन आपण तिथे विकतो. संयुक्त राष्ट्रसंघात ५४ मते आफ्रिकेची आहेत. हिंदी महासागराच्या पश्चिम काठावर आपल्या नौदलाला मित्र हवे आहेत. मॉरिशसच्या मुख्य बेटापासून हजारभर किलोमीटर उत्तरेला असलेल्या आगालेगा बेटावर भारताने बांधलेली धावपट्टी आणि धक्का यांचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. त्या बेटांवर जेमतेम काहीशे लोक राहतात. एवढ्या लोकवस्तीसाठी एवढी लांब धावपट्टी लागत नाही, हे दोन्ही सरकारांना ठाऊक आहे.

प्रश्न : ‘लाइन ऑफ क्रेडिट’ला सरकार कधी मदत म्हणते, कधी कर्ज. मग ते नेमके काय आहे, आणि त्यातून फायदा कोणाचा होतो? — बँक कर्मचारी, सोलापूर

ते सवलतीचे कर्ज आहे आणि ते सरकार स्वतः देत नाही. मुंबईत मुख्यालय असलेली, आयात-निर्यातीला कर्ज देणारी सरकारी मालकीची एक्झिम बँक बाजारातून पैसा उभा करते आणि परदेशी सरकारला देते. तिला पडणारा व्याजाचा दर आणि तिने लावलेला दर यांतील फरक केंद्र सरकार भरून देते, आणि कर्जदार देशाने हप्ते थकवले तर त्याची हमीही केंद्राचीच असते. गरीब देशांसाठी व्याज साधारण दीड ते पावणेदोन टक्के, मुदत वीस ते पंचवीस वर्षे आणि पहिली पाच वर्षे मुद्दलाची फेड नाही, अशा अटी असतात. आपण बँकेत असल्याने या अटींतली सवलत किती मोठी आहे हे सांगण्याची गरज नाही. आफ्रिकी देशांना अशा रीतीने आजवर मंजूर झालेली एकूण रक्कम १२ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि वृत्तपत्रांत येणारे मोठे आकडे येथूनच येतात.

फायदा कोणाचा, याचे उत्तर कर्जाच्या अटीतच आहे. प्रकल्पाला लागणाऱ्या माल व सेवांपैकी सर्वसाधारणपणे ७५ टक्के भारतातूनच घ्याव्या लागतात. कंत्राट भारतीय कंपनीलाच मिळते, आणि बँक पैसे कर्जदार सरकारच्या खात्यात न टाकता त्या कंपनीला थेट देते. म्हणजे पैसा भारतातून निघतो आणि त्यातला बराचसा भारतातच जिरतो, कर्जदार देशाच्या हाती येतो तो उभा राहिलेला प्रकल्प आणि फेडीचे वेळापत्रक. बहुतेक देणगीदार देश कमीअधिक प्रमाणात असेच करीत आले आहेत, त्यामुळे यात फसवणूक नाही. पण याला निव्वळ औदार्य म्हणणेही बरोबर नाही.

या कर्जांतून चांगली कामे झाली आहेत. रवांडातील न्याबारोंगो नदीवरचा २८ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प, सुदानमध्ये कोस्ती येथे ‘भेल’ने उभारलेले ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र, केनियातील एल्डोरेटच्या जुन्या कापड गिरणीचे आधुनिकीकरण, टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराचे पाणी टबोरा, इगुंगा आणि न्झेगा या कोरड्या भागातील शहरांपर्यंत नेणारी योजना, ही त्यांतील काही. टांझानियाची पाणी योजना मला या सर्वांत मोलाची वाटते. अध्यक्षांचे प्रासाद आणि संसदेच्या इमारतीही आपण काही देशांत बांधून दिल्या; त्यांच्या फिती मोठ्या थाटात कापल्या जातात, पण त्यांच्यामुळे कोणाच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही.

रखडलेली कामेही पुष्कळ आहेत. इथिओपियाच्या साखर उद्योगासाठी २००७ मध्ये ६४ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले, आणि त्यातील तेंदाहो कारखाना वर्षानुवर्षे पूर्ण होईना. (साखर कारखाना जाहीर होणे आणि त्याचे गाळप सुरू होणे यांत किती अंतर असते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.) कारणे ठरावीक आहेत. कर्जदार सरकारचा प्रस्ताव आपल्या दूतावासाकडून परराष्ट्र मंत्रालयाकडे, तेथून अर्थ मंत्रालयाकडे आणि मग बँकेकडे जातो; या प्रवासात किंमती वाढतात. प्रकल्प अहवाल कच्चे असतात. निविदा फक्त भारतीय कंपन्यांसाठी असल्याने स्पर्धा मर्यादित राहते, आणि पूर्वी तर कुवत नसलेल्या कंपन्याही कंत्राटे घेऊन बसत. २०१५ च्या नव्या नियमावलीत कंपन्यांची पात्रता आधी तपासण्याची पद्धत कडक केली गेली, तेव्हापासून हा दोष काहीसा कमी झाला आहे.

शिवाय कर्ज हे कर्जच असते. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये, घानाने डिसेंबर २०२२ मध्ये आणि इथिओपियाने डिसेंबर २०२३ मध्ये परदेशी रोख्यांवरची देणी थकवली. त्या देशांवरच्या कर्जात आपला वाटा लहान आहे, पण हमी केंद्राची असल्याने हप्ते लांबले की त्याचा भार अखेर आपल्याच अंदाजपत्रकावर येतो.

प्रश्न : आम्ही तूर काढायला घेतो तेव्हाच मोझांबिकची तूर बंदरावर उतरलेली असते. परदेशी शेतकऱ्याला खरेदीची हमी आणि आम्हाला हमीभावसुद्धा नाही, हे कसले परराष्ट्र धोरण? — तूर उत्पादक शेतकरी, लातूर जिल्हा (याच आशयाची पत्रे अकोला, यवतमाळ व हिंगोलीहून)

आपली तक्रार खरी आहे, आणि तिचे उत्तर परिषदांच्या जाहीरनाम्यांत सापडत नाही. म्हणून थोडे मागे जावे लागेल.

२०१५ मध्ये पाऊस कमी झाला, तुरीचे उत्पादन घटले आणि किरकोळ बाजारात तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली. सरकार हादरले. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकला गेले, तेव्हा त्या देशाकडून तूर घेण्याचा करार झाला : पहिल्या वर्षी एक लाख टन आणि वाढत वाढत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन. मोझांबिकच्या उत्तर भागातील लहान शेतकरी ही तूर पिकवतात. तिथे तुरीचा खप फारसा नाही, त्यामुळे ते ती जवळजवळ सर्वस्वी भारतासाठीच पेरतात.

पण करारावर सह्या झाल्या त्याच हंगामात आपल्याकडे पाऊस चांगला झाला, आधीच्या वर्षीचा भाव पाहून सगळ्यांनी तूर पेरली, आणि २०१७ च्या सुरुवातीला विक्रमी पीक बाजारात आले. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता. बाजार समित्यांत भाव त्याच्या हजार-दीड हजाराने खाली गेला. खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या आणि बारदाना संपला म्हणून केंद्रे बंद पडली, हे आपण पाहिले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वार्षिक दोन लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकचा करार दोन सरकारांमधला असल्याने त्याला त्या मर्यादेतून वगळले गेले. टांझानिया आणि मलावीला तसे संरक्षण नव्हते. भारत घेईल या भरवशावर तिथल्या शेतकऱ्यांनी तूर पेरली होती. दर कोसळले आणि माल पडून राहिला. म्हणजे त्या वर्षी लातूरचा शेतकरी आणि मलावीचा शेतकरी या दोघांचेही नुकसान दिल्लीतल्या त्याच धोरणाने केले.

मे २०२१ मध्ये चक्र उलटे फिरले. तुरीची आयात मुक्त झाली, त्या सवलतीला एकामागून एक मुदतवाढ मिळत गेली, मोझांबिकशी असलेला करार पुढील पाच वर्षांसाठी वाढवला गेला आणि मलावीकडून दरवर्षी ५० हजार टन घेण्याचा नवा करार झाला. २०२४-२५ मध्ये सर्व देशांतून मिळून सुमारे १२ लाख टन तूर आली, आणि २०२५ च्या सुरुवातीला नवे पीक बाजारात येताच भाव ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला. आफ्रिकेतील तुरीची काढणी आपल्याआधी होते व ती साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात आपल्या बंदरांवर पोहोचते. त्यामुळे आपली तूर खळ्यावर येईपर्यंत दालमिलवाल्यांची गोदामे भरलेली असतात. वेळेबद्दलचे आपले निरीक्षण अगदी अचूक आहे.

तरीही एका ठिकाणी माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. आपल्याला लागते तेवढी तूर बहुतेक वर्षी देशात पिकत नाही. काही लाख टन बाहेरून आणावीच लागते. ती म्यानमारच्या मूठभर साठेबाज व्यापाऱ्यांकडून आणण्यापेक्षा मोझांबिक वा मलावीच्या लहान शेतकऱ्याकडून ठरलेल्या प्रमाणात आणणे मला अधिक योग्य वाटते, कारण एखाद्या गरीब देशाचा माल नियमितपणे विकत घेणे ही अनुदानापेक्षा टिकाऊ मदत असते. दोष दोन लाख टनांच्या करारात नाही, तर त्याच्या बाजूने उघड्या ठेवलेल्या अमर्याद, बिनशुल्क दारात आहे. करारातले प्रमाण पाळून उरलेल्या आयातीवर हंगाम पाहून शुल्क लावले आणि हमीभावाने खरेदी करणारी यंत्रणा बारदान्यासह वेळेवर उभी राहिली, तर आपला आणि तिकडच्या शेतकऱ्याचा वैरभाव उरत नाही. हे वाणिज्य, कृषी, ग्राहक व्यवहार आणि परराष्ट्र अशा चार मंत्रालयांनी एकत्र बसून ठरवण्याचे काम आहे. अनुभव असा आहे की भाव चढला की ग्राहक व्यवहार मंत्रालयाचे चालते आणि भाव पडला की कोणाचेच चालत नाही.

तांदळाच्या बाबतीत हेच उलट दिशेने घडले. देशातील भाव आवरण्यासाठी जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली गेली आणि ती सप्टेंबर २०२४ पर्यंत बंद राहिली. पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांचे रोजचे जेवण आयात तांदळावर चालते. काही देशांना सरकारी पातळीवर कोटा देऊन अपवाद केला गेला हे खरे. पण त्या सव्वा वर्षात बाजारात वाढलेल्या दरांनी जे गेले ते कोणत्याही अनुदानाने भरून येण्याजोगे नव्हते.

प्रश्न : चीनपुढे आपला टिकाव लागेल का? — स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, कोल्हापूर

पैशात लागणार नाही, आणि त्या शर्यतीत उतरू नये. चिनी संस्थांनी २००० ते २०२२ या काळात आफ्रिकेला सुमारे १७० अब्ज डॉलरची कर्जे दिली. सप्टेंबर २०२४ मधील बीजिंग परिषदेत तीन वर्षांसाठी आणखी ३६० अब्ज युआन, म्हणजे सुमारे ५० अब्ज डॉलर, जाहीर झाले. चीन-आफ्रिका परिषद २००० पासून दर तीन वर्षांनी ठरल्याप्रमाणे होते. भारत-आफ्रिका परिषद २००८ मध्ये दिल्लीत, २०११ मध्ये अदीस अबाबात आणि २०१५ मध्ये पुन्हा दिल्लीत झाली, आणि चौथी करोनाच्या साथीमुळे पुढे ढकलली गेली. २०१५ च्या परिषदेला ४० हून अधिक राष्ट्र व सरकारप्रमुख आले होते; पाच वर्षांत १० अब्ज डॉलरची सवलतीची कर्जे, ६० कोटी डॉलरचे अनुदान आणि ५० हजार शिष्यवृत्त्या यांची घोषणा झाली. आधीच्या दोन परिषदांत आफ्रिकेत शंभराच्या आसपास प्रशिक्षण संस्था काढण्याचे ठरले होते. त्यांतील बऱ्याच कागदावरून पुढे सरकल्या नाहीत, कारण कोणती संस्था कोणत्या देशात असावी यावर आफ्रिकी संघात एकमत होण्यातच वर्षे गेली आणि पुढे चालवण्याचा खर्च कोणी करायचा हे ठरलेच नव्हते.

परीक्षेच्या दृष्टीने दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जुलै २०१८ मध्ये युगांडाच्या संसदेत पंतप्रधानांनी मांडलेली दहा तत्त्वे ही आजच्या धोरणाची अधिकृत चौकट आहे. आफ्रिकेचे प्राधान्यक्रम आफ्रिकेनेच ठरवावेत, हा तिचा गाभा. दुसरी गोष्ट सुरक्षा परिषदेची. मदतीच्या बदल्यात आफ्रिका आपल्या कायम सदस्यत्वाला पाठिंबा देईल, असे अनेकदा गृहीत धरले जाते. पण आफ्रिकी देशांची २००५ पासूनची सामायिक भूमिका आफ्रिकेला दोन कायम जागा, आणि त्याही नकाराधिकारासह, अशी आहे, आणि भारताचा समावेश असलेल्या चार देशांच्या गटाच्या प्रस्तावाशी ती आजतागायत जुळलेली नाही.

भारताचे बळ माणसे घडवण्यात आहे. आयटेकमधून शिकून गेलेले अधिकारी आफ्रिकेतील बहुतेक मंत्रालयांत भेटतात. २०२३ मध्ये युगांडातील जिंजा येथे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची आणि झांझिबारमध्ये आयआयटी मद्रासची शाखा सुरू झाली. या दोन शाखांवर पुढील दहा वर्षे नियमित खर्च होत राहिला, तर परिषदांच्या घोषणांपेक्षा त्यांतून अधिक निघेल असे मला वाटते.

प्रश्न : आफ्रिकेतील एड्सच्या रुग्णांना भारतीय औषधांनी वाचवले, असे आमच्या कंपनीत अभिमानाने सांगतात. यात सरकारचा वाटा किती? — औषधनिर्मिती कंपनीतील कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर

अभिमान योग्य आहे, श्रेय मात्र वाटून घ्यावे लागेल. फेब्रुवारी २००१ मध्ये ‘सिप्ला’ने एड्सवरील तीन औषधांचे मिश्रण एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले, तेव्हा पाश्चात्य कंपन्यांच्या त्याच औषधांचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. हे शक्य झाले १९७० च्या पेटंट कायद्यामुळे, ज्यात औषधाच्या प्रक्रियेला पेटंट मिळे, औषधाला नाही. तो कायदा आफ्रिकेसाठी केलेला नव्हता. तरीही भारत सरकारच्या कोणत्याही निर्णयाने आफ्रिकेत सर्वाधिक प्राण वाचवले असतील तर ते याच निर्णयाने, असे मी म्हणेन.

मात्र ती औषधे विकत घेण्याचा पैसा मुख्यतः अमेरिकेचा होता. जानेवारी २००३ मध्ये अध्यक्ष बुश यांनी पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरचा एड्सविरोधी कार्यक्रम जाहीर केला. आरंभी त्यातून ब्रँडेड औषधेच घेतली जात. नंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भारतीय जेनेरिक औषधांना मान्यता देण्याची वाट मोकळी केली आणि तेवढ्याच पैशात कितीतरी पट रुग्णांवर उपचार होऊ लागले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली आणि त्या वर्षीच्या १ जुलैला त्यांची मदत यंत्रणा स्वतंत्र संस्था म्हणून बंद झाली, तेव्हा आफ्रिकेतील दवाखान्यांबरोबर आपल्या कारखान्यांच्या मागणीपत्रांवरही परिणाम होणे अटळ होते. ती पोकळी भारत भरून काढेल का, असे काही वाचकांनी विचारले आहे. पूर्वीचा अमेरिकी खर्च वर्षाला कित्येक अब्ज डॉलरचा आणि आपले २२५ कोटी रुपये म्हणजे सुमारे अडीच कोटी डॉलर. भारत स्वस्त औषध देऊ शकतो. ते विकत घेण्याचा पैसा आफ्रिकी सरकारांना स्वतःच्या अंदाजपत्रकातून उभा करावा लागेल.

करोना काळाबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. २०२१ च्या सुरुवातीला भारताने अनेक आफ्रिकी देशांना लस पाठवली आणि तिचे कौतुक झाले. दुसरी लाट आली तेव्हा निर्यात थांबवली गेली. आपल्याकडे स्मशानांबाहेर रांगा असताना दुसरे काही करणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. परंतु गरीब देशांसाठीची जागतिक लस योजना बहुतांशी पुण्यातील एकाच कारखान्यावर विसंबून होती आणि तिला होणारा पुरवठा त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत खंडित राहिला. आपली लस आपणच बनवावी, हा आफ्रिकी संघाचा निश्चय त्या महिन्यांत पक्का झाला.

त्यानंतर गांबियाचे प्रकरण घडले. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार खोकल्याच्या औषधांबद्दल इशारा दिला. तेथील साठाहून अधिक बालकांच्या मृत्यूंशी त्यांचा संबंध जोडला गेला. भारत सरकारने आधी तो संबंध नाकारला, आणि जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांची सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची केली. क्रम उलटा असता तर बरे झाले असते. आपल्या क्षेत्रात असल्याने आपल्याला हे अधिक जाणवत असेल : तीस वर्षांत कमावलेला विश्वास औषध नियंत्रकाच्या ढिलाईने जातो आणि मग तो परत मिळवण्याचे काम राजदूतांना करावे लागते.

प्रश्न : पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना घर भाड्याने मिळत नाही, हे मी स्वतः पाहते. याचा परराष्ट्र धोरणाशी काही संबंध आहे का? — प्राध्यापिका, पुणे

थेट संबंध आहे. मे २०१६ मध्ये दिल्लीत काँगोच्या एका तरुणाचा मारहाण करून खून झाला, तेव्हा आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी आफ्रिका दिनाच्या सरकारी समारंभावर बहिष्काराचा इशारा दिला होता. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. राजदूतांनी ते वंशद्वेषी असल्याचे निवेदन काढले आणि परराष्ट्र मंत्रालयाने तो शब्द मान्य केला नाही. सरकार एका विद्यार्थ्याची फी आणि राहण्याचा खर्च काही वर्षे उचलते, आणि घरमालक, रिक्षाचालक व पोलीस चौकी मिळून तो खर्च वाया घालवतात. शिकून परतलेला पदवीधर पुढे मंत्रालयात बसतो तेव्हा त्याला अभ्यासक्रमाबरोबर हेही आठवत असते. विद्यापीठाने शिष्यवृत्तीधारकांसाठी वसतिगृहातील जागा राखून ठेवणे एवढा साधा उपाय आपल्यासारख्यांच्या हाती आहे, आणि त्यासाठी दिल्लीला पत्र लिहावे लागत नाही.

प्रश्न : आफ्रिका धोरणाच्या इतिहासात कोणी मराठी माणूस आहे का? — वाचक, सातारा

आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला. औंधच्या राजांचे पुत्र आप्पासाहेब पंत हे १९४८ ते १९५४ या काळात नैरोबीत ब्रिटिश पूर्व आफ्रिकेसाठी भारताचे आयुक्त होते. तेथील भारतीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकी लोकांच्या आकांक्षांशी जुळवून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो सर्वच व्यापाऱ्यांना रुचला नाही. केनियाच्या स्वातंत्र्यवादी नेत्यांशी त्यांचे संबंध इतके निकटचे होते की वसाहतीचे सरकार त्यांच्यावर नाराज झाले. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतीय शिष्यवृत्त्या मिळाव्यात यासाठी त्यांनी खटपट केली. औंध संस्थानात गावांच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग त्यांनी जवळून पाहिला होता, आणि वसाहतवादाबद्दलची त्यांची जाण त्यातून आली असावी असा माझा तर्क आहे.

प्रश्न : हे आकडे सामान्य वाचकाला कुठे तपासता येतात? — वाचक, ठाणे

देशनिहाय अनुदानाची तरतूद परराष्ट्र मंत्रालयाच्या अंदाजपत्रकात दरवर्षी फेब्रुवारीत छापली जाते. तिच्याबरोबर आदल्या वर्षीचा सुधारित अंदाज अवश्य पाहावा, कारण जाहीर केलेल्या आणि प्रत्यक्ष खर्चलेल्या रकमेतील तफावत तिथेच दिसते. कर्जांची यादी एक्झिम बँकेच्या वार्षिक अहवालात असते. कोणता प्रकल्प रखडला आहे हे लोकसभा व राज्यसभेतील लेखी उत्तरांत आणि परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीच्या अहवालांत सापडते. तुरीच्या आयातीच्या अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालय काढते. त्या बहुधा महिनाअखेरीस, मुदत संपायच्या तोंडावर निघतात, तेव्हा लातूरच्या वाचकांनी जानेवारीपासूनच त्यांच्यावर लक्ष ठेवावे.